दोनशे नावं राहू द्या, एक वाट पाठ करा

वाचकाचं पत्र : "तीस वर्षं हिशेबाचं काम केलं, आता निवृत्त झाले. फिरायची आवड म्हणून जवळच्या अभयारण्यात निसर्ग मार्गदर्शक स्वयंसेवक व्हायला नाव दिलं आणि त्यांनी घेतलंही. तीन आठवड्यांनी पहिला गट येतोय : सहावीची पस्तीस मुलं, दोन शिक्षक, दीड तास. विज्ञान शाळेपुरतंच शिकले आहे. रोज रात्री पक्ष्यांची नावं पाठ करते. दोनशेची यादी केली, चाळीसच्या पुढं गाडी सरकत नाही. आणि जी येतात तीही पक्षी समोर आला की आठवत नाहीत. मुलांनी काही विचारलं आणि मला आलं नाही तर? शिवाय दीड तासात एकही प्राणी दिसला नाही तर मुलं धुडगूस घालतील, ही धास्ती वेगळीच. नाव मागं घ्यावं का?"

उत्तर :

नाव राहू द्या, यादी मागं घ्या. यादी करण्यात चूक काही नाही, पण पहिल्या गटासाठी ती कामाची नाही. मूल विचारतं, "हा कुठला पक्षी?" तुम्ही नाव सांगता, मूल "हं" म्हणतं आणि पुढं चालू लागतं. नाव मिळालं की बहुतेकांचं बघणं तिथंच थांबतं. तुमचं काम नेमकं तिथून पुढं सुरू होतं.

तरी पक्षी अगदीच ओळखता येत नाहीत असं वाटून मन खात असेल, तर वनरक्षकाला किंवा तिथल्या जुन्या गाइडला विचारा : या वाटेवर या महिन्यात रोज दिसणारे पंधरा पक्षी कोणते? तेवढेच शिका. रंगावरून शिकू नका, सवयीवरून शिका. शेपूट सतत वरखाली हलवणारा, खोडावर खालून वर चढत जाणारा, तारेवरून झेप घेऊन किडा पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसणारा. पक्ष्याच्या पाठीमागून ऊन आलं की रंग काळाच दिसतो, सवय मात्र कुठल्याही उजेडात ओळखू येते. पक्षी समोर आला की नाव आठवत नाही, त्याचं कारणही हेच असावं. तुम्ही चित्रातला पक्षी पाठ केलाय, आणि चित्रातला पक्षी हलत नाही.

आणि विज्ञान शिकले नाही, याची खंत सोडून द्या. १९१७ साली अमेरिकेतल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात ज्या दोन स्त्रियांना निसर्ग मार्गदर्शक म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला, त्या एस्तेर आणि एलिझाबेथ बर्नेल या बहिणी. एस्तेर आधी घरसजावटीचं काम करायची, एलिझाबेथ गणित शिकवायची. आकडेमोडीतून रानात आलेल्या तुम्ही काही पहिल्या नाही.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट वाट. अभयारण्य कितीही मोठं असो, तुम्हाला त्यातला एक किलोमीटर लागतो. त्याहून जास्त नको. मुलांना घेऊन दीड तासात त्याच्या पलीकडं गेलात तर ती नुसती चालण्याची शर्यत होते. कार्यालयाशी बोलून वाट ठरवा आणि या तीन आठवड्यांत तिच्यावरून किमान दहा वेळा जा. त्यातल्या निम्म्या वेळा तरी गट ज्या वेळेला येणार त्याच वेळेला. सकाळी सात वाजता पाहिलेली वाट आणि अकराची वाट यांत फार फरक असतो. सकाळी पक्षी बोलतात, दव असतं, जाळी चमकतात. अकराला हे सगळं मिटलेलं असतं आणि सावली कुठं पडते हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. पहिल्या दोन फेऱ्यांना पुस्तक, मोबाइल, दुर्बीण काही नेऊ नका. वही आणि पेन्सिल पुरे. पेन नको, पावसाचे चार थेंब पडले की शाई फुटते. दर फेरीला एवढंच लिहा : कुठल्या जागी काय दिसलं आणि कालही ते तिथंच होतं का.

हे "कालही होतं का" फार महत्त्वाचं. तुमची दुसरी धास्ती यातूनच सुटणार आहे. प्राणी हलतो, त्याच्यावर तुमचा ताबा नाही. खूण हलत नाही. पानावरची कुरतडलेली कड, खांबापाशी रोज नव्यानं विणलेलं जाळं, चिखलातला ठसा, दगडावरची विष्ठा, अर्धं खाऊन टाकलेलं फळ, गळालेलं पीस : या सगळ्या पावत्या आहेत. व्यवहार होऊन गेलाय, माणूस निघून गेलाय, पावती मागं राहिलीय. पावतीवरून व्यवहार कसा ओळखायचा, हे तीस वर्षं केलेल्या माणसाला आम्ही काय शिकवणार. तर अख्ख्या फेरीला एकच सूत्र धरा : "जो दिसत नाही, त्यानं मागं काय ठेवलंय?" हे वाक्य सुरुवातीलाच मुलांना सांगा. मग प्राणी न दिसणं हे अपयश उरत नाही, तोच खेळ होतो. आणि मध्येच एखादं हरीण किंवा मुंगूस दिसलंच, तर ते बक्षीस समजा. सूत्र बाजूला ठेवून सगळे शांत उभे राहा आणि बघा.

दहा फेऱ्यांत वहीत पंधरावीस खुणा जमतील. त्यातल्या सहा निवडा. निवडताना कसोटी एकच : गट येईल त्या दिवशी ही खूण नक्की असेल का? जी फक्त दवात दिसते ती अकराच्या गटाला उपयोगाची नाही. दोन खुणा राखीव ठेवा, कारण पाऊस एका रात्रीत ठसे पुसतो.

प्रत्येक खुणेपाशी घ्यायचा थांबा कसा रचायचा ते एका पानावरून सांगतो. बहुतेक कुठल्याही वाटेवर असं पान सापडतं, ज्यावर फिकट पांढरट रंगाची नागमोडी रेघ असते, कुणी खडूनं गिरमिटल्यासारखी. ही पान पोखरणाऱ्या अळीची वाट. एखाद्या बारीकशा पतंगाची, माशीची किंवा भुंग्याची अळी पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांच्या मध्ये राहून आतला गर खात पुढं सरकते. पान झाडावरच राहू द्या, तोडू नका. मुलांना दोघादोघांनी पुढं बोलवा आणि भिंग द्या. मग विचारा : रेघ सगळीकडं सारखीच जाड आहे का? नाही. एका टोकाला केसासारखी बारीक, दुसऱ्या टोकाला रुंद. का बरं? इथं गप्प बसा. कुणीतरी म्हणेलच, "ती मोठी होत गेली!" बरोबर. बारीक टोकाला अंडं होतं, रुंद टोकाला अळीचं पानातलं जेवण संपलं. रेघेच्या मध्यातून जाणारा काळा धागा भिंगातून दिसेल, ती तिची विष्ठा. हे ऐकून मुलं "ईऽऽ" करणार आणि मग प्रत्येकाला तेच बघायचं असणार. आता रुंद टोकापाशी भोक किंवा चीर आहे का ते शोधायला सांगा. असेल तर अळी किंवा कीटक बाहेर पडलाय. नसेल तर पान उजेडाकडं धरल्यासारखं खालून बघा, आत कधीकधी अळीची सावली दिसते. एका सजीवाचं बालपण तळहाताएवढ्या पानावर लिहिलेलं मुलांनी स्वतः वाचलं, आणि तुम्ही एकही नाव घेतलेलं नाही.

दुसरा हमखास चालणारा थांबा जाळ्याचा. चाकासारखं गोल जाळं हवं, ज्यात मध्यातून आरे निघतात आणि त्यांच्यावर गोल गोल फेरे असतात. प्रश्न असा टाका : माशी अडकते, मग कोळी स्वतः का अडकत नाही? उत्तराआधी हातानं तपासू द्या. गवताची एक कोरडी काडी घ्या, जाळ्याच्या कडेला एका आऱ्याला हलकेच टेकवा आणि उचला. चिकटत नाही. आता फेऱ्याच्या धाग्याला टेकवा. धागा काडीबरोबर ताणत येतो. आरे कोरडे, फेरे चिकट. फेऱ्यांवर डिंकासारखे सूक्ष्म थेंब असतात, दहापट भिंगातून ते मण्यांच्या माळेसारखे दिसतात. कोळ्याचा वावर मुख्यतः कोरड्या धाग्यांवरून. हे एका गटात एकदाच करा, तुम्ही स्वतः करा आणि कडेलाच करा. बारा मुलांनी बारा काड्या लावल्या तर जाळंच उरणार नाही. जाळं उठून दिसावं म्हणून पीठ किंवा पावडर फुंकायची सवय काहींना असते. त्यानं चिकटपणा जातो आणि कोळ्याची सगळी मेहनत वाया जाते. मागं गडद रंगाची वही धरली तरी जाळं छान दिसतं.

याच थांब्यावर "मला माहीत नाही" म्हणायचा सरावही करून घ्या. काही कोळी जाळ्याच्या मध्याजवळ जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी काढतात. मूल विचारणार : कशाला? तर यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. कुणी म्हणतं किडे आकर्षित करायला, कुणी म्हणतं पक्ष्यांनी जाळ्यातून आरपार जाऊ नये म्हणून, कुणी म्हणतं कोळी मोठा दिसावा किंवा लपावा म्हणून. हे तिन्ही सांगा आणि मुलांना विचारा, यातलं कुठलं खरं हे तपासायला तुम्ही काय कराल? सहावीतली मुलं यावर फार चांगलं डोकं चालवतात.

ज्या प्रश्नाचं उत्तर जगाला ठाऊक आहे पण तुम्हाला नाही, तिथं पद्धत वेगळी. "माहीत नाही, पण आपण काय बघितलं ते लिहून घेऊ", असं म्हणून प्रश्न मुलाच्याच हातानं वहीत लिहायला लावा. घरी जाऊन शोधा आणि शिक्षकांकडं उत्तर पाठवा. ते खरंच पाठवायचं. एकदा पाठवलं नाही तर पुढच्या वेळी तुमचं "माहीत नाही" पळवाट वाटतं. थापा मात्र मारू नका. मुलं घरी जाऊन शोधतात, आणि चुकीचं उत्तर तुमच्या नावानं कायमचं लक्षात ठेवतात.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा असं वर म्हटलं, ते ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण आहे. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमध्ये हे मोजलं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबायचे आणि मग स्वतःच बोलायला लागायचे. तीन सेकंद किंवा जास्त थांबल्यावर मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद गटासमोर फार मोठे वाटतात. मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजा. रानात आम्ही पाच धरतो, कारण मुलांना आधी वस्तूकडं बघायचंही असतं. प्रश्नांचा क्रमही ठरवून टाका : काय दिसतंय, कशावरून म्हणतोस, मग काय झालं असेल. "हे काय आहे?" हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर ज्याला नाव येतं तोच देतो, बाकीचे गप्प होतात.

आता पस्तीसचा प्रश्न, आणि इथं तुम्हाला थोडं कडक व्हावं लागेल. पस्तीस मुलं एकेरी पायवाटेवर एकामागं एक चालली की रांग तीसपस्तीस मीटर लांब होते. तुमचा आवाज दहाव्या मुलाच्या पुढं जात नाही. मागची पंचवीस मुलं काय करतील? जे पस्तीस मीटर लांबच्या रांगेच्या शेपटीला कुणीही करेल, तेच. गोंधळ मुलांच्या स्वभावातून येत नाही, रांगेच्या लांबीतून येतो. एका मार्गदर्शकामागं बारा मुलं, फार तर पंधरा. अजून दोन मार्गदर्शक मिळाले तर तीन गट करा आणि दहादहा मिनिटांच्या अंतरानं सोडा.

तुम्ही एकट्याच असाल तर नाइलाजानं सतरा-अठरा मुलांच्या दोन पाळ्या. निम्मी मुलं तुमच्याबरोबर, निम्मी एका शिक्षकाबरोबर प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या जागेत. त्यांना तिथं "एक मीटरचं जंगल" द्या : प्रत्येकी चार मीटर दोरीची सहा वेटोळी, तिघातिघांचा गट, दोरीनं एक मीटर बाजूचा चौकोन करायचा आणि आत सजीव आणि त्यांच्या खुणा किती प्रकारच्या सापडतात ते मोजायचं. नावं नकोत, "लाल मुंगी, काळी मुंगी, गोल पान, कुरतडलेलं पान" एवढं चालतं. जागा आधी स्वतः तपासा. मुंग्यांच्या वारुळावर चौकोन मांडला गेला तर पुढचा अर्धा तास पाय झटकण्यात जातो. आणि ही जागा आधीच तुडवली गेलेली असावी, कोवळ्या रोपांची नको.

हिशेब असा बसतो. एक गट, एक वाट, नव्वद मिनिटं : सुरुवातीची दहा (त्यात स्वच्छतागृह, हे आधी, अर्ध्या वाटेवर आठवलं तर सगळा गट परत फिरतो), शेवटची दहा, एक किलोमीटर चालायला पंचवीस, आणि सहा थांबे सात मिनिटांचे म्हणजे बेचाळीस. एकूण सत्याऐंशी. दोन पाळ्या असतील तर सगळं निम्मं : अर्धा किलोमीटर, तीन थांबे. सहाचे थांबे तिनाच्या वेळेत कोंबायचा मोह होतो. होऊ देऊ नका. थांबे कमी केले तर कुणाला कळतही नाही, घाई केली तर मात्र सगळ्यांना कळते.

उभं कसं राहायचं याचीही एक युक्ती आहे. जाळ्यापाशी पोचलात की थांबू नका. रांगेतली सहा मुलं जाळं ओलांडून जाईपर्यंत पुढं चला, मग वळून परत जाळ्यापाशी या. आता जाळं रांगेच्या मधोमध आलं, दोन्हीकडं सहा सहा मुलं, आणि सगळ्यांना सारखं दिसतं. थेट थांबलात तर पहिली तीन मुलं जाळ्याला चिकटतात आणि उरलेल्या नऊ जणांना त्यांच्या पाठी दिसतात. सूर्य तुमच्या तोंडावर घ्या, मुलांच्या पाठीशी असू द्या. डोळे बारीक करून कुणी नीट बघत नाही. शेवटचं मूल येऊन पोचेपर्यंत बोलू नका. ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. पहिल्या मुलांनी प्रश्न विचारला म्हणून तुम्ही सांगायला लागता, मागचे येतात तोवर अर्धं संपलेलं असतं. चालताना बोलूच नका. मागं वळून बोलत उलटं चालणारे गाइड मुळांना अडखळून पडतात. रांगेच्या शेवटी एक शिक्षक हवाच, आणि शिक्षकांना हे आधी सांगा, नाहीतर ते दोघं मागं आपापल्या गप्पांत रमतात. निघताना, अर्ध्या वाटेवर आणि परत आल्यावर डोकी मोजा.

दुर्बीण ही पहिल्या फेरीला डोकेदुखी ठरते. बारा मुलांत तीन दुर्बिणी, प्रत्येकाला फोकस लावायला अर्धा मिनिट, तोवर पक्षी उडून जातो आणि भांडण मागं उरतं. मुलांसाठी दहापटीची सहा भिंगं घ्या. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू जवळ आणत आणत दोनअडीच सेंटिमीटरवर आणायची, हे आधी शिकवा. नाहीतर मुलं हात लांब करून गुप्तहेरासारखं भिंग धरतात आणि धूसर दिसतं म्हणतात. पान किंवा जाळं हलवता येत नसेल तेव्हा भिंग आणि डोकं एकत्र पुढं न्यायचं. स्वतःसाठी दुर्बीण घ्यायची असेल तर आठ बाय बेचाळीस. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटीची दुर्बीण मोठं दाखवते, पण हाताची थरथरही तेवढीच मोठी करते. कुठलीही दुर्बीण सूर्याकडं वळवायची नाही, हे मुलांना पहिल्यांदा सांगा.

ठशांचा थांबा घेणार असाल तर एवढं ओळखता आलं तरी पुरे. मांजरकुळातला ठसा गोलसर, नखं सहसा उमटत नाहीत कारण चालताना ती आत ओढलेली असतात, आणि तळव्याच्या गादीची मागची कड तीन भागांत विभागलेली असते. कुत्र्याच्या कुळातला लांबट, पुढं नखांचे टोचे. ताजा ठसा कडेनं धारदार असतो. कड ढासळली, वरून पावसाचे खळगे पडले किंवा मुंगीची रांग गेली की तो जुना. शेजारी पट्टी ठेवून मोजमाप घ्या, ठशावर पाय पडू देऊ नका. विष्ठा असेल तर हात लावायचा नाही, तिच्यात कृमींची अंडी असू शकतात. काडीनं उलगडायची, आणि आतले केस, हाडांचे तुकडे, बिया यांवरून कोण काय जेवलं ते वाचायचं.

मुलांच्या काही प्रश्नांची तयारी आधीच करा. "विषारी आहे का?" हा येणारच. आपल्याकडं "विषारी" हा एकच शब्द दोन कामं करतो, त्यामुळं उलट विचारा : खाल्लं तर विषारी की चावलं तर विषारी? या भेदावर एक छान संवाद होतो. घरट्यातून पडलेल्या पिल्लाचं काय करायचं, हेही विचारतात. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिल्लू असेल तर लांब व्हायचं, आईबाप आसपासच असतात. उघडंबोडकं असेल आणि घरटं हाताशी असेल तर परत ठेवायचं. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हा गैरसमज आहे.

काही गोष्टी करू नका म्हणजे करूच नका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. तो आवाज प्रतिस्पर्ध्याचा समजून पक्षी अंडी सोडून भांडायला येतो आणि फुकट दमतो. वसलेल्या घरट्याजवळ गट न्यायचा नाही, मग ते कितीही सुंदर असो, कारण गटानं पाडलेल्या वाटेनं नंतर शिकारी प्राणी येतात. पडलेली लाकडं उलटायचा प्रयोग पहिले काही महिने टाळा. खाली ओल असते, त्यावर जगणारे जीव असतात, आणि कधीकधी साप किंवा विंचू. पीस, शिंपलं, बी काहीही घरी न्यायचं नाही. दाखवा आणि जिथलं तिथं ठेवा. यावर मुलं हट्ट करतात, तेव्हा त्याचं चित्र वहीत काढायला द्या.

सुरक्षिततेचं थोडक्यात, पण हे पाठ हवं. मधमाश्या उठल्या तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकून सरळ लांब जायचं, शक्य तर बंद खोलीत किंवा गाडीत. पाण्यात उडी मारायची नाही, त्या वर थांबून राहतात. नांगी रुतली असेल तर नखानं, पट्टीनं, कशानंही, पण लगेच काढायची. साप दिसला तर गट जागीच थांबवा आणि मग सावकाश मागं घ्या. दंश झालाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अंगठी-कडं काढायचं, तो भाग हलू द्यायचा नाही, वेळ टिपून ठेवायची आणि रुग्णालय गाठायचं. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर फेरी तिथंच संपली. आडोशाला, पण एकट्या उंच झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. फेरीच्या आधी शिक्षकांकडून लेखी घ्या : कुणाला कशाची ॲलर्जी, दमा, औषधं कुणाजवळ आहेत. सुगंधी तेल-अत्तर लावून येऊ नका, हेही त्याच पत्रात कळवा. आणि कुठल्याही मुलाबरोबर तुम्ही एकट्या राहायचं नाही, दुसरं मोठं माणूस नेहमी नजरेत हवं. यात मुलाचं आणि तुमचं, दोघांचंही संरक्षण आहे.

अभयारण्याच्या कार्यालयाला विचारायचे प्रश्न : हवामान बिघडलं तर फेरी रद्द करायचा अधिकार कुणाचा? माझा असायला हवा. संपर्क कुठं लागत नाही? जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर, वाहन कोण देणार? स्वयंसेवकाचा विमा आहे का? आणि सगळ्यांत कामाचं : माझ्या फेरीआधी मला दोन-तीन वेगवेगळ्या गाइडांच्या मागं चालता येईल का? एकाच गाइडच्या मागं गेलात तर त्याच्या लकबी उचलाल. मागं चालताना माहिती लिहून घेऊ नका, मुलं कुठं कंटाळली आणि कुठं पुढं सरसावली ते लिहा.

गटाच्या दिवशी तासभर आधी पूर्ण वाट एकटीनं चालून घ्या. रात्रीत फांदी पडते, गांधीलमाश्यांचं पोळं लागतं, जाळं फाटतं. राखीव खुणा याच वेळी बाहेर काढायच्या. फेरी संपल्यावर घरी जायच्या आधी दहा मिनिटं बसा आणि तीन ओळी लिहा : कुठल्या थांब्याला सातच्या ऐवजी किती मिनिटं लागली, कुठला प्रश्न आला नाही, कुठलं मूल मागं राहिलं आणि का. पाच गटांनंतर ही वही कुठल्याही पक्ष्यांच्या यादीपेक्षा जास्त कामाला येते.

पण त्याच्याही आधी उद्या शाळेला फोन करा आणि पस्तीसचे तीन गट किंवा दोन पाळ्या, हे ठरवून घ्या. बसची वेळ बदलावी लागेल म्हणून ते कुरकुरतील. तुमच्याकडं रांगेच्या लांबीचा आकडा आहे, तो सांगा.